तपकिरी जोडी

मसुरे, ता. मालवण
२४ ऑगस्ट २००८

ती. गुरुदासमामांस,
योगिनीचा सादर नमस्कार.

पत्र पाहून तुम्हांला नवल वाटेल. पण फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही, आणि ई-मेल पाठवावी तर माझ्या संगणकाला जोडणीच नाही. तीच तर रड आहे.

मे महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू उठलेली नाही. वाचाही गेली. बोललेलं सगळं समजतं, पण तोंडून एखादं तुटकं अक्षर येतं, तेवढंच. आई त्यांना एकटी उठवू-बसवू शकत नाही, म्हणून मी मुंबईच्या कचेरीतून बिनपगारी रजा घेऊन इथे आहे. रजा ३१ ऑक्टोबरला संपते. ती वाढणार नाही असं साहेबांनी लेखी कळवलं आहे.

पुण्याची एक कंपनी घरबसल्या काम देते. परदेशी डॉक्टर रोग्याची हकिकत बोलून ठेवतात, ती ऐकून टंकलिखित करायची. १५ ऑक्टोबरला दुपारी दोन ते चार माझी परीक्षा आहे. त्या दोन तासांत जोडणी तीनपेक्षा अधिक वेळा तुटली, तर ते पुढचा विचारच करत नाहीत. काम मिळालं तर मी बाबांजवळ राहीन. नाहीतर एक नोव्हेंबरला मुंबई.

अडचण अशी. फोन आणि इंटरनेटचा डबा खाली पडवीत, बाबांच्या खाटेशेजारी आहे. तिथे दिवसभर विचारपूस करायला माणसं, त्यात टीव्ही. ऐकण्याचं काम वरच्या खोलीतच होईल. बिनतारी डबा आणून पाहिला. चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे त्याचा जीव पोचत नाही. बाहेरून तार टाकली, ती माकडांनी दोन दिवसांत ओढून नेली. मग आठवलं, २००२ साली वरचा मजला बांधताना बाबांनी स्वतः भिंतीतल्या नळीतून एक केबल वर नेली आहे. वरच्या फोनसाठी. तिच्यात आठ बारीक तारा आहेत आणि फोनला त्यांतल्या निळ्या जोडीच्या दोनच लागल्या आहेत. फळीचा खिळा ठोकताना हिरवी तार तुटली आहे. नळीत सिमेंट उतरल्यामुळे नवी केबल ओढता येत नाही. वेष्टनावरची अक्षरं सोबत उतरवून देत आहे.

ही केबल संगणकासाठी चालेल का?

तुमची,
योगिनी


पुणे
२९ ऑगस्ट २००८

चि. योगिनीस,
गुरुदासमामाचे अनेक आशीर्वाद.

चालेल का, असे विचारतेस? उत्तम चालेल! तू उतरवून पाठवलेली अक्षरे वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तुझे बाबा सहदेवराव फोन खात्यातले लाइनमन, हाताला लागली म्हणून त्यांनी ही केबल भिंतीत घातली असावी. परंतु योगायोगाने ती अगदी योग्य जातीची आहे.

आधी तत्त्व समजून घे, म्हणजे कृती आपोआप उमजेल. या आठ तारा म्हणजे चार जोड्या आहेत: निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी. प्रत्येक रंगीत तारेची एक पांढरी जोडीदारीण असते आणि त्या दोघी एकमेकींना पीळ घालून शेवटपर्यंत जातात. हा पीळ कशासाठी? आपल्या खाडीतले उदाहरण घेऊ. दोन बहिणी एकाच होडीत उभ्या आहेत. लाट आली की दोघी सारख्याच वर जातात आणि सारख्याच खाली येतात. काठावरून पाहणाऱ्याला त्यांच्या उंचीतला फरक जेवढ्यास तेवढाच दिसतो. संगणक नेमका तो फरकच वाचतो. लाटेशी त्याला कर्तव्य नसते. शेजारून जाणारी वीज, फोनची घंटी, या सगळ्या लाटा. बहिणी एका होडीत आहेत तोवर त्या लाटा निरुपद्रवी.

संगणकाला आठांपैकी चारच तारा पुरतात. निळी जोडी फोनने घेतली. हिरवीत खिळा गेला. उरल्या नारिंगी आणि तपकिरी, आणि तेवढ्या आपल्याला पुरेशा आहेत! शेवटच्या पानावर कृती दिली आहे. थोडक्यात: नारिंगी जोडी प्लगच्या पहिल्या व दुसऱ्या खाचेत, तपकिरी जोडी तिसऱ्या व सहाव्या खाचेत. दोन्ही टोकांना हाच क्रम. आकृती रंगीत पेन्सिलींनी काढली आहे. मूळ प्रत माझ्या फाइलीत ठेवून तुला छायाप्रत पाठवीत आहे.

सहदेवरावांस नमस्कार.

तुझा,
गुरुदासमामा


मसुरे
१२ सप्टेंबर २००८

ती. मामांस,
सा. नमस्कार.

काम झालं आणि झालंही नाही.

गणपती होईपर्यंत बाळा वायरमन सापडेना. परवा आला, तो नेमका मी बाबांच्या औषधांसाठी कणकवलीला गेले असताना. पुन्हा चार दिवस मिळणार नाही म्हणाला, म्हणून आईने त्याला कामाला लावलं. तुमची सहा पानं वाचायला त्याला सवड नव्हती. आईने जिन्याच्या पायरीवर बसून शेवटचं पान तेवढं मोठ्याने वाचलं आणि त्याने त्याप्रमाणे तारा बसवल्या. तपासणीच्या यंत्रावर सगळे दिवे ओळीने लागतात. आईला इतका आनंद झाला की तिने त्याला घावणे खाऊ घातले.

पण जोडणी चार-पाच मिनिटं टिकते आणि तुटते. पुन्हा लागते, पुन्हा तुटते. खालचा फोन वाजला की तत्काळ तुटते. काल संध्याकाळी तासाभरात एकोणीस वेळा तुटली. मी कागदावर रेघा मारून मोजलं आहे.

तुम्हां मास्तरांबद्दल बाळा म्हणतो, "मास्तरांनी लिवल्यानी तसाच केलंय. पुण्यात बसान सांगूक काय जाता? भितीत बोटा माझी जातत!"

बाबाही परवापासून बेचैन आहेत. सारखं "तव, तव" करतात. आईला वाटतं त्यांना तवकीर हवी. ती पांढरीशुभ्र तवकीर दुधात शिजवून वाटी पुढे करते आणि ते तोंड फिरवतात.

लवकर लिहा. महिना उरला आहे.

योगिनी


पुणे
१७ सप्टेंबर २००८

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

निराश होऊ नकोस. दोष सापडत नाही तेव्हा पद्धत सापडलेली नसते, एवढेच. आपण पद्धतीने जाऊ.

यंत्रावरचे सगळे दिवे ओळीने लागतात, असे तू लिहितेस. म्हणजे प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे आणि योग्य खाचेत आहे. म्हणजे भिंतीतली केबल निर्दोष आहे. हा निष्कर्ष पक्का धर आणि त्याच्याकडे पुन्हा वळू नकोस. आता संशयित तीन उरतात: डबा, संगणकातले जोडणीचे कार्ड आणि खोलीतली, भिंतीपासून संगणकापर्यंतची जोडतार.

पहिल्या दिवशी जोडतार बदल आणि दोन तास तुटी मोज. दुसऱ्या दिवशी कार्ड काढून पुसून बसव आणि पुन्हा मोज. तिसऱ्या दिवशी कार्ड नवे घाल. चौथ्या दिवशी संगणक खाली नेऊन डब्याला थेट जोड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन कदापि नाही; नाहीतर गुण कोणाचा ते कळत नाही. सोबत मोजणीचा तक्ता आखून पाठवला आहे. चारही दिवसांचे रकाने भरून पाठव. आठ पानांत सर्व शक्यतांचा विचार केला आहे. तो कंटाळा न करता वाच.

सहदेवरावांस नमस्कार.

गुरुदासमामा


मसुरे
२७ सप्टेंबर २००८

ती. मामांस,

तक्ता सोबत आहे. चारही रकाने भरले आहेत.

जोडतार बदलली. तुटतं. कार्ड पुसलं. तुटतं. कार्ड नवं आणलं, त्यासाठी पुन्हा कणकवली. तुटतं. चौथ्या दिवशी मी आणि बाळाने संगणक जिन्यावरून खाली आणला. खाली दोन तास एकदाही तुटलं नाही. वर नेला, तुटलं. जिना चढता-उतरताना बाळाचा अंगठा चेमटला, तो आता माझ्याशी बोलत नाही.

मामा, रागावू नका, पण मी लिहिणार आहे. तुमच्या आठ पानांत डब्याबद्दल दोन पानं आहेत, कार्डाबद्दल तीन. बाबांबद्दल "नमस्कार" एवढा एक शब्द. मी तुम्हांला लिहिलं होतं की ते बेचैन आहेत.

काल काय झालं ते ऐका. बाळा जिन्याखालच्या फळीजवळ, भिंतीतली केबल बाहेर येते तिथे वाकून पाहत होता. बाबा खाटेवरून "तव, तव, तव" करू लागले, मान हलवून हलवून. आई चुलीजवळून धावत आली.

"हाडलंय हां, हाडलंय. गरम आसा, फुंकून खावा."

त्यांनी डाव्या हाताने वाटी उडवली. सगळी तवकीर बाळाच्या सदऱ्यावर.

"काकांनू, माका कित्याक?" बाळा ओरडला. "मी काय केलंय तुमचा?"

"तेंका राग तुझो नाय रे," आई म्हणाली. "माझो आसा. रोज तीच तवकीर. इटले आसतले." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांच्या डोळ्यांना पाणी होतं. कशाचं, ते विचारायची सोय नाही, सांगायची सोय नाही.

परीक्षेला अठरा दिवस आहेत. मला आणखी पद्धत नको. ही तार चालणार नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे मी मुंबईचं तिकीट काढते.

योगिनी


पुणे
१ ऑक्टोबर २००८

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

तिकीट काढू नकोस. हे पत्र जलद टपालाने पाठवीत आहे.

तुझे पत्र तीनदा वाचले. रागावलो नाही, तुझे म्हणणे खरे आहे. पण तिसऱ्या वाचनात मी एका शब्दापाशी थांबलो.

कान गेल्यापासून मी माणसांच्या ओठांवरून शब्द ओळखतो. "प" म्हणताना ओठ मिटावे लागतात. "व" म्हणताना ते मिटत नाहीत. ज्याचे अर्धे तोंड लुळे पडले आहे, त्याचे ओठ मिटणार कसे? त्याने "तप" म्हटले तरी बाहेर "तव" असेच पडेल.

सहदेवरावांना तवकीर नको आहे. तुझ्या आईने, यमुनेने जिन्यावर बसून माझे शेवटचे पान वाचले, ते त्यांनी खाटेवरून ऐकले. ते त्या दिवसापासून "तपकिरी" म्हणत आहेत.

आता हे पाहा: बाळाने तिसऱ्या आणि सहाव्या खाचेत कोणत्या तारा घातल्या आहेत? मी लिहिले तपकिरी, म्हणजे तपकिरीच्या पुडीतल्या तपकिरीचा रंग. बाळाने ऐकले असेल तवकिरी, म्हणजे पांढरा. त्याला दोष देऊ नकोस. नारिंगी जोडी आणि फोनची जोडी वगळली, की केबलीत बरोबर दोनच पांढऱ्या तारा उरतात. मीही तीच जोडी समजलो असतो. पण त्यातली एक तपकिरीची जोडीदारीण आहे आणि दुसरी हिरवीची. दोघी वेगवेगळ्या होड्यांत उभ्या आहेत. प्रत्येक तार अखंड असल्यामुळे यंत्रावरचे दिवे लागतात. लाट आली की मात्र सगळे कोसळते. "निष्कर्ष पक्का धर," असे मी तुला लिहिले होते. तो निष्कर्ष चुकीचा होता. तुझे दहा दिवस मी वाया घालवले.

आणखी एक. रंगीत आकृती मी फाइलीत ठेवली आणि रंग दाखवण्यासाठी तुला काळीपांढरी छायाप्रत पाठवली. चौतीस वर्षे तंत्रनिकेतनात शिकवूनही असे होते. मूळ प्रत सोबत आहे.

बाळाला हिरवीची पांढरी जोडीदारीण काढून तिथे तपकिरी घालायला सांग. पण त्याआधी सहदेवरावांना विचार.

गुरुदास


मसुरे
८ ऑक्टोबर २००८

ती. मामांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी बाबांच्या खाटेवर बसून मोठ्याने वाचलं. "तपकिरी" हा शब्द आला आणि त्यांनी डोळे मिटले. मग डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि ढकलला, म्हणजे जा, काम कर.

बाळाला बोलावलं. तो आधी ऐकेना.

"तवकिरी म्हणजे धवी नाय तर काय? तांबडी म्हणाक काय झाला होता मास्तरांका?"

मग तारा काढून दाखवल्या. तुमचं एकूणएक अक्षर खरं निघालं. पण पुढे वेगळंच संकट. तपकिरी तार उरली म्हणून बाळाने ती दोन्ही टोकांना मुळाशी कापून टाकली होती! भिंतीच्या तोंडाशी नखाएवढीही बाहेर नव्हती. बाळा डोकं धरून खाली बसला. मीही बसले.

तेवढ्यात ठक-ठक ऐकू आलं. बाबा काठीने खाट ठोकत होते. मी म्हटलं, बाबा, हो असेल तर एकदा ठोका, नाही असेल तर दोनदा. एवढी साधी गोष्ट पाच महिन्यांत आम्हां कुणाला सुचली नव्हती.

भिंत फोडायची? दोनदा. वरून ओढायची? दोनदा. फोनची लाकडी पाटी काढायची? एकदा, इतक्या जोरात की शेजारच्या मथुराकाकू डोकावल्या. पाटीमागे भिंतीत पोकळी होती आणि त्यात दीड हात केबल वेटोळं घालून ठेवलेली. वरच्या पाटीमागेही तशीच. बाळा बघतच राहिला. मग म्हणाला, "जुने लाइनमन असाच करीत. फुडच्या माणसाक पुराक व्हयी म्हणान मागे वेटोळा ठेवीत. आता कोण ठेवता?"

बाबांना खुर्चीत बसवून पाटीजवळ आणलं. बाळा एकेक तार पुढे करी, बाबा काठी आपटत. त्यांनी केबल योगायोगाने घातली नव्हती, मामा. मी मुद्दाम विचारलं, "वर संगणक येईल असं तेव्हाच वाटलं होतं का?" एकदा.

कालपासून जोडणी तुटलेली नाही. मथुराकाकूंना सात वेळा फोन करायला लावला. तरी नाही.

आई म्हणते, "महिनाभर तवकीर घातलंय तेंका. आता खंय तोंड दाखवू?" बाबांनी काल स्वतःहून वाटी मागितली. तिने माशाचं सार दिलं.

योगिनी


पुणे
१२ ऑक्टोबर २००८

चि. योगिनीस,

फक्त एक कार्ड. पत्र वाचून मी घरात दोन फेऱ्या मारल्या. आता १५ तारखेचा निकाल ठरल्यासारखाच आहे! तार निर्दोष आहे, म्हणजे काम तुझेच. यमुनेला सांग, मुलगी राहिली.

गुरुदासमामा


मसुरे
२५ ऑक्टोबर २००८

ती. मामांस,
सा. नमस्कार.

परीक्षेच्या दोन तासांत जोडणी एकदाही तुटली नाही. कंपनीच्या माणसाने तसं मुद्दाम लिहून कळवलं. खेडेगावातून इतकी स्थिर जोडणी त्यांनी पाहिली नव्हती म्हणे.

मी नापास झाले.

शंभरांत शहाण्णव शब्द बिनचूक हवे होते, माझे एक्क्याण्णव भरले. डॉक्टर भराभर बोलतात, अर्धे शब्द गिळतात. सरावाच्या बत्तीस ध्वनिफिती त्यांनी ऑगस्टमध्येच सीडीवर पाठवल्या होत्या. त्यांतल्या मी चार ऐकल्या. बाकीचे दिवस मी तारांचे रंग मोजत होते, कणकवलीच्या एसटीत होते, तुटीच्या रेघा मारत होते. तार लागली की सगळं होईल असं वाटत होतं. ज्याच्यासाठी तार हवी होती, ते शिकायचंच राहिलं.

जानेवारीत पुन्हा बसता येतं. पण रजा येत्या शुक्रवारी संपते.

काल मी मुंबईच्या कचेरीला राजीनामा पाठवला. तीन महिने साठवलेल्यावर निभेल. आईला सांगितलं. बाबांना सांगितलं, त्यांनी काठी दोनदा आपटली. मी म्हटलं, बाबा, पत्र टपालात पडलंय. मग ते माझ्याकडे बघेनातच.

इथेही दिवसभर माणसं येतात. आता तर बाबांच्या काठीची भाषा बघायला जास्तच येतात. वरच्या खोलीत दार लावूनही त्यांचं हसणं ऐकू येतं, आणि मी शब्द चुकते.

तुम्हीही रागावाल. लिहून टाका.

योगिनी


पुणे
भाऊबीज, ३० ऑक्टोबर २००८

श्री. सहदेवराव यांस,
गुरुदासचा सप्रेम नमस्कार.

पाकिटावर आपले नाव पाहून घरातल्यांना आश्चर्य वाटेल. यमुनेच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली. या काळात मी आपणांस एकही पत्र लिहिले नाही. तिच्या पत्राच्या तळाशी आपल्या नावाने नमस्कार तेवढा लिहीत आलो. आपण केबल योगायोगाने घातली, असेही मी मागे लिहिले होते. ते शब्द मी मागे घेतो.

योगिनीने नोकरी सोडली. आपणांस ते पटलेले नाही, मलाही पटलेले नाही. परंतु जे टपालात पडले, ते पडले. आता तिला जानेवारीत शहाण्णव शब्द बिनचूक यायला हवेत. यात मी तिला काही शिकवू शकत नाही. तिचा विषय ऐकण्याचा आहे आणि मी बहिरा आहे.

आपले कान मात्र उत्तम आहेत, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. म्हणून एक विनंती. रोज दुपारी दोन ते चार घरात शांतता राखण्याचे काम आपण घ्यावे. टीव्ही बंद. जो बोलेल त्याला काठी. बाळाला, मथुराबाईंना आणि माझी बहीण असली तरी यमुनेलाही.

मान्य असेल तर एकदा आपटावी. योगिनी मला कळवील.

आपला,
गुरुदास


मसुरे
४ नोव्हेंबर २००८

ती. मामांस,

आईने तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. तिच्या नावापाशी ती थांबली आणि म्हणाली, "माका पण?" बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

मग त्यांनी काठी दोनदा आपटली.

बाबांनी काठी उचलून खाटेशेजारच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे रोखली आणि काचेवर चाराच्या आकड्याला टोक लावलं. मग डोकं हलवून टोक मागे नेत नेत दहाच्या आकड्यावर आणलं. मी विचारलं, "सकाळी दहापासून चारपर्यंत?"

एकदा.

"आणि जेवण?" आईने विचारलं. त्यांनी काठी तिच्याकडे वळवली. ती तोंडावर बोट ठेवून चुलीकडे गेली.

दाराशी बाळा आला आहे, आत यायला घाबरतो आहे. काठी आता जिन्याकडे रोखलेली आहे आणि दहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत. मला वर जायला हवं.

योगिनी